स्नायडरची एच आकाराची शाळा, १:१०० : मॉडेलच्या नोंदी

९ नोव्हेंबर २०२४

काम ठरलं. चार्ल्स बी. जे. स्नायडर याच्या एच आकाराच्या शाळेचं मॉडेल करायचं आणि पुण्यातल्या गच्चीवर न्यूयॉर्कचा सूर्य आणून वर्गात उजेड कसा पडतो ते बघायचं. पेपर आणि फोटो वाचून या इमारतींबद्दल खूप बोललं जातं, पण बहुतेक बोलणं दर्शनी भागाचं असतं. टोकदार छपरं, टेराकोटाची नक्षी, गॉथिक कमानी. मला वाटतं या माणसाचं खरं काम इमारतीच्या पोटात आहे, आणि ते मॉडेलशिवाय कळत नाही.

नोंदी ठेवते आहे, कारण आर्किटेक्चरच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची मुलं उजेडाची मॉडेल करतात तेव्हा तेच तेच ठेचाळतात. कुठे वेळ आणि पैसा गेला हे कुणी लिहून ठेवत नाही.

थोडक्यात पार्श्वभूमी. स्नायडर १८९१ ते १९२३ न्यूयॉर्कच्या शिक्षण मंडळाचा शाळा-इमारत अधीक्षक होता. खाजगी आर्किटेक्ट नव्हे, पगारी माणूस. नव्या इमारती आणि वाढीव बांधकामं धरून चारशेच्या वर कामं त्याच्या हातून गेली. १ जानेवारी १८९८ ला पाच भाग एकत्र येऊन आजचं न्यूयॉर्क शहर झालं, आणि बोटी भरभरून येणाऱ्या स्थलांतरितांच्या मुलांना बसायला बाक पुरेनात. जागा महाग, त्यात कोपऱ्याची जागा सगळ्यात महाग, आणि मोठ्या रस्त्यांवर उंचावरून धावणाऱ्या गाड्यांचा गोंगाट. स्नायडरने आडव्या गल्लीतली, दोन्ही बाजूंना इमारती असलेली स्वस्त जागा घेतली आणि तिथेच उजेड आणला. कसा, ते बघायचं आहे.

१६ नोव्हेंबर

मापं. कोणतीही एक शाळा हुबेहूब करायची नाही, हे आधीच ठरवलं. मूळ नकाशांच्या मागे लागले असते तर जून उजाडला असता. त्याऐवजी ‘नमुना’ शाळा.

मॅनहॅटनचा नेहमीचा प्लॉट २५ फूट रुंद, १०० फूट खोल. दोन आडव्या गल्ल्यांमधलं अंतर साधारण २०० फूट. म्हणजे पाठीला पाठ लावून दोन प्लॉट. मी सहा प्लॉट रुंदी धरली : १५० बाय २०० फूट, एका गल्लीपासून दुसऱ्या गल्लीपर्यंत आरपार. पश्चिम १०९व्या रस्त्यावरची पी.एस. १६५ ही १८९८ ची शाळा अशीच १०८ पासून १०९ पर्यंत आरपार आहे आणि या प्रकारातल्या अगदी पहिल्यांपैकी एक आहे. ‘पी.एस.’ म्हणजे पब्लिक स्कूल, सरकारी शाळा.

त्या जागेवर इंग्रजी एच अक्षर आडवं-उभं बसवा. दोन उभे दांडे शेजाऱ्यांच्या भिंतींना लागून. मधला आडवा दांडा त्यांना जोडणारा. उरतात दोन अंगणं, एक या गल्लीकडे उघडं, एक त्या गल्लीकडे. वर्गांच्या खिडक्या या अंगणांत. १८९६ मध्ये स्नायडर पॅरिसला गेला होता आणि ओतेल द क्लूनी या जुन्या वाड्याचं रस्त्याकडचं अंगण बघून त्याला हे सुचलं, असं सांगतात. पुण्याच्या माणसाला ही गोष्ट पटकन समजते, कारण आपल्या वाड्यांत चौकच उजेड देतो. फरक एवढाच की वाड्याचा चौक चारी बाजूंनी बंद असतो. एचचं अंगण तीन बाजूंनी बंद आणि चौथ्या बाजूला साठ फुटी गल्लीचं आकाश फुकटात मिळतं. उजेडाच्या हिशेबात ही चौथी बाजू फार मोठी आहे.

माझी मापं अशी : उभा दांडा ४५ फूट रुंद, अंगण ६० फूट रुंद, ७० फूट खोल, आडवा दांडा ६० फूट. पाच मजले, प्रत्येकी १५ फूट. १:१०० ला पूर्ण मॉडेल ४६ बाय ६१ सेंटिमीटर, उंची २३.

वर्ग २४ बाय ३० फूट. हे माप मी कायद्यावरून काढलं. न्यूयॉर्क राज्याच्या १९०४ च्या कायद्यात दर मुलामागे १५ चौरस फूट जमीन, २०० घनफूट हवा आणि मिनिटाला ३० घनफूट ताजी हवा अशी सक्ती होती. २४ गुणिले ३० म्हणजे ७२०, भागिले १५ म्हणजे ४८ मुलं. छत १४ फुटांवर धरलं तर प्रत्येकाला २१० घनफूट. बसलं. आणि ४८ मुलांना मिनिटाला १,४४० घनफूट हवा म्हणजे वर्गातली सगळी हवा सात मिनिटांत बदलायची. हे खिडक्या उघडून, तेही न्यूयॉर्कच्या हिवाळ्यात, होणं शक्यच नाही. म्हणून या शाळांत पंखे आणि भिंतींतून वर जाणाऱ्या हवेच्या नळ्या आल्या. त्या नळ्यांना जागा लागते, हे मी प्लॅनमध्ये विसरले नाही, पण अनेक जण विसरतात. शेजाऱ्याकडच्या आंधळ्या भिंतीलगत मी जिने, नळ्या आणि कोट ठेवायच्या खोल्या टाकल्या. वर्ग अंगणाकडे.

२४ नोव्हेंबर

अप्पा बळवंत चौकातून दीड मिलिमीटरचा पांढरा माउंटबोर्ड आणला. लेझर कटिंगला दिला.

पहिला घाणा वाया गेला. ड्रॉइंगमध्ये खाचा बरोबर दीड मिलिमीटरच्या काढल्या होत्या. लेझर स्वतःची रेघ जाळतो, त्यामुळे खाच साधारण एक-दीड दशांश मिलिमीटरने रुंद होते. शिवाय बोर्डची जाडी छापलेल्या आकड्याइतकी कधीच नसते. भिंती खाचांत खुळखुळायला लागल्या. दुसऱ्यांदा आधी वीतभर पट्टीवर वेगवेगळ्या रुंदीच्या खाचा कापून बघितल्या, जी घट्ट बसली ती घेतली : १.३५. हे आधीच करा. पट्टीचे वीस रुपये, पूर्ण घाण्याचे हजाराच्या वर.

दुसरी अडचण दुकानातली. कापताना हवेचा झोत बंद होता, त्यामुळे खिडक्यांच्या कडा काळ्या होऊन आल्या. दिसायला वाईट ही बाब सोडा, काळी कड उजेड खाते आणि माझं मॉडेल उजेडाचंच आहे. बारीक पॉलिश पेपरने प्रत्येक खिडकी घासावी लागली. भाच्याने दोन संध्याकाळी दिल्या. त्याला विचारलं, “कंटाळलास का रे?” तर म्हणाला, “मावशी, खिडक्या संपतच नाहीत. इतक्या कशाला लावल्यात त्याने?” हाच प्रश्न या मॉडेलचा आहे.

उत्तराचा एक भाग बांधकामात आहे. स्नायडरने शाळांना लोखंडी सांगाडा वापरला. पाच मजली इमारतीचं ओझं विटेच्या भिंतीवर असेल तर खालची भिंत जाड होते आणि खिडक्यांमध्ये रुंद खांब सोडावे लागतात. ओझं सांगाड्याने उचललं की दोन खांबांमधली जवळजवळ सगळी जागा काचेला मोकळी. तीन खिडक्या शेजारी शेजारी, वर थेट छतापर्यंत.

त्याच वर्गासाठी मी दोन भिंती कापून घेतल्या आहेत. एक ओझं पेलणाऱ्या भिंतीची, सुट्या तीन खिडक्यांची. दुसरी स्नायडरसारखी. एक काढून दुसरी बसवता येईल अशा. पुढे मोजू.

१ डिसेंबर

जोडणी. पाण्यात मिसळलेला पांढरा गम स्लॅबवर ब्रशने पसरून लावला आणि रात्रीत पाचही स्लॅब वाकले. एका बाजूने ओलावा गेला की बोर्ड पापडासारखा वळतो. उपाय दोन : दोन्ही बाजूंना एकसारखा लेप द्या आणि रात्रभर पुस्तकांखाली दाबून ठेवा, किंवा गम फक्त कडेला, सुईच्या तोंडाच्या बाटलीने. मी दुसरं केलं. वाकलेले तीन स्लॅब सरळ झाले, दोन पुन्हा कापले.

सगळे मजले कायमचे चिकटवू नका. मी प्रत्येक मजला वेगळा उचलता येईल असा ठेवला. आत सेन्सर ठेवायचा तर हात जायला हवा.

सांध्यांतून उजेड आत येतो, हे रात्री खोलीत अंधार करून मॉडेलच्या आत मोबाइलचा टॉर्च लावल्यावर कळलं. जिथे जिथे रेघ चमकली तिथे बाहेरून काळी टेप. ही तपासणी अर्ध्या तासाची आहे आणि ती टाळली तर पुढची सगळी मोजमापं खोटी येतात.

८ डिसेंबर

जिने. या कामातला मला सगळ्यात आवडलेला भाग.

स्नायडरने एकाच जिन्याच्या खोलीत दोन जिने एकमेकांत विणून बसवले. दोन्ही वेगळे, मध्ये आग न लागणारी भिंत. एका जिन्याने उतरणारी मुलं दुसऱ्यावरच्या मुलांना भेटतच नाहीत. जागा एका जिन्याची, माणसं दोन जिन्यांची. हजारांनी मुलं असलेल्या शाळेत आग लागली तर याचा अर्थ काय होतो ते सांगायला नको.

कागदावर काढणं सोपं वाटलं. कार्डबोर्डमध्ये आदळलं. पहिल्या जिन्याच्या वळणाच्या पायरीवर दुसऱ्याचा तळ येऊन बसला. कारण मी सवयीने जिन्याच्या भागात मजल्याची उंची १२ फूट धरून पायऱ्या काढल्या होत्या. दोन जिने एकमेकांवर अर्ध्या मजल्याच्या अंतराने चालतात. १२ फुटी मजल्यात हे अंतर सहा फूट, त्यातून स्लॅबची जाडी गेली की मोठ्या माणसाचं डोकं आपटणार. १५ फुटी मजल्यात साडेसात फूट मिळतात आणि सगळं सुटतं.

म्हणजे उंच छत फक्त हवेसाठी आणि उजेडासाठी नाही. त्याच उंचीमुळे दुहेरी जिनाही शक्य होतो. एक निर्णय तीन कामं करतो आहे. हे फोटोत कुठेच दिसलं नव्हतं.

१५ डिसेंबर

गच्चीवर पहिला दिवस.

पद्धत अशी. न्यूयॉर्क ४०.७ अंश उत्तर अक्षांशावर, पुणे १८.५ वर. फरक २२.२ अंश. मॉडेलचा पाट दक्षिणेकडून २२.२ अंश उचलला की मॉडेलच्या दृष्टीने ते पुण्यात नसून न्यूयॉर्कमध्ये असतं. तारीख तीच, वेळही सूर्याच्या घड्याळाने तीच. सुतारकाकांनी तीन फुटी चौकोनी प्लायला बिजागरी लावून दिली. दक्षिणेची कड साडेचौतीस सेंटिमीटर उचलली की कोन येतो.

पाट न उचलताही आज एक गोष्ट मिळाली. पुण्यात डिसेंबरच्या मध्याला माध्यान्हीचा सूर्य ४८ अंशांवर असतो. न्यूयॉर्कमध्ये मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनी तो ४९ अंशांवर असतो. म्हणजे पुण्याचा हिवाळा हा न्यूयॉर्कचा वसंत. सपाट पाटावर माध्यान्हीचे फोटो काढून घेतले, विषुवदिनाचं काम झालं.

मग पाट उचलला आणि घोळ झाला. अंगणाच्या तळापर्यंत झळझळीत ऊन. डिसेंबरमध्ये असं होऊच शकत नाही. पाटावर दहा सेंटिमीटरची काडी उभी करून सावली मोजली. न्यूयॉर्कच्या २१ डिसेंबरला माध्यान्हीच्या सूर्याची उंची २६ अंशांच्या आसपास, सावली साडेवीस सेंटिमीटरच्या जवळ हवी. आली चारच्या खाली. उत्तरेची कड उचलली गेली होती. २२ अंश वजा व्हायच्या ऐवजी मिळवले गेले आणि सूर्य सत्तर अंशांवर, म्हणजे न्यूयॉर्कचा जून. काडी आधी लावा. काडी खोटं बोलत नाही.

कड बदलली, काडी बरोबर आली, तरी फोटो खटकत होते. माध्यान्हीला अंगणाच्या दोन्ही समोरासमोरच्या भिंती सारख्याच उजळत होत्या. मॅनहॅटनचे रस्ते उत्तर-दक्षिण नाहीत. सगळी जाळी खऱ्या उत्तरेपासून २९ अंश पूर्वेला वळलेली आहे, आणि मी मॉडेल पाटाच्या कडेशी समांतर ठेवलं होतं. आजचे तिरक्या पाटावरचे सगळे फोटो बाद.

दुरुस्ती : खालचा पाट उत्तर-दक्षिण, त्याच्यावर दुसरा पाट मधोमध एका बोल्टवर फिरणारा, २९ अंशांवर खूण. सुतारकाका म्हणाले, “ताई, हे आधी सांगितलं असतं तर एकाच फेरीत झालं असतं.” खरं आहे. पाट सांगायच्या आधी गावाची दिशा बघावी.

आणखी एक. पुण्यात सूर्य घड्याळाच्या बाराला माथ्यावर येत नाही. आपलं घड्याळ अलाहाबादजवळच्या रेखांशाचं. या दिवसांत माध्यान्ह साडेबाराच्या सुमाराला होते.

२१ डिसेंबर

वर्षातला सगळ्यात लहान दिवस, आकाश स्वच्छ. आजच्यासाठीच धावपळ केली होती.

शेजाऱ्यांच्या इमारतीही लावल्या : दोन्ही बाजूंना आणि गल्लीपलीकडे साठ फूट उंचीचे खोके. शेजारी नसलेलं मॉडेल सगळीकडे छान उजळतं आणि काहीच सांगत नाही.

माध्यान्हीला, १२:३३ ला, दक्षिणेकडच्या अंगणात ऊन तिरकं आलं. पश्चिमेच्या दांड्याची आतली भिंत उन्हात, पूर्वेच्या दांड्याची सावलीत. २९ अंशांचा परिणाम. मग दोन तास वाट बघितली. गणिताने सांगितलं होतं की माध्यान्हीनंतर बरोबर दोन तासांनी सूर्य दक्षिणेपासून २९ अंश पश्चिमेला सरकतो, म्हणजे थेट अंगणाच्या तोंडासमोर येतो. उंची फक्त वीस अंश. दहाच्या काडीची सावली सव्वासत्तावीस.

२:३३ ला तसंच झालं. ऊन अंगणात सरळ शिरलं आणि मागच्या भिंतीवर, आडव्या दांड्यावर, समोरच्या इमारतीच्या छपराची सावली आडवी रेघ होऊन पडली. रेघ तळमजल्याच्या छताच्या किंचित खाली होती. तिच्या वरचे चारही मजले उन्हात.

हे पडताळून बघता येतं. साठ फुटी इमारतीची वीस अंशांच्या उन्हात सावली १६४ फूट. तिच्यापासून आडव्या दांड्याची भिंत ६० फूट गल्ली अधिक ७० फूट अंगण, म्हणजे १३० फुटांवर. उरलेली सावली भिंतीवर चढते, साधारण साडेबारा फूट. तळमजला १५ फुटांचा.

आणि स्नायडरच्या या शाळांत तळमजल्यावर वर्ग नसत. तिथे पावसाळी-हिवाळी खेळायची बंदिस्त जागा असे. गच्चीवर आणखी एक खेळाचं मैदान. वर्ग मधल्या मजल्यांवर.

मी सकाळपर्यंत समजत होते की तळमजला खेळाला दिला तो पोरं सोडायला सोपं पडावं म्हणून. तेही असेल. पण वर्षातल्या सगळ्यात अंधाऱ्या दिवशी ज्या मजल्यावर ऊन पोचत नाही तो मजला, आणि जिथे मुलं दिवसभर डोळे ताणून वाचत नाहीत तो मजला, एकच आहे. हे मापांत लपलेलं शहाणपण आहे. माझी मापं थोडी वेगळी असती तर रेघ थोडी वर-खाली झाली असती, तत्त्व बदललं नसतं.

उत्तरेकडच्या अंगणाच्या तळाला दिवसभर थेट ऊन शून्य. हेही लिहून ठेवायला हवं. एच दोन अंगणं देतो, पण दोन सारखी अंगणं देत नाही.

२९ डिसेंबर

उन्हाचे फोटो झाले, आता आकाशाचा पसरलेला उजेड. त्यासाठी तपकीर गल्लीतून बीएच१७५० हे उजेड मोजणारे दोन सेन्सर आणले. नखापेक्षा थोडे मोठे, ७ बाय ९ सेंटिमीटरच्या वर्गात सहज बसतात. एक वर्गात, एक मॉडेलच्या छतावर. दोन्हींचं गुणोत्तर घ्यायचं. नुसता आतला आकडा निरुपयोगी, कारण आकाश दर मिनिटाला बदलतं.

दोन्ही सेन्सर एकाच तारेवर लावले तर अर्डुइनोला, म्हणजे आकडे वाचणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डाला, एकच दिसला. कारखान्यातून दोघांचा पत्ता सारखा येतो. एकाची एडीडीआर पिन पॉझिटिव्हला जोडली की पत्ता बदलतो. संध्याकाळ गेली या एका पिनेवर.

मग बाहेरचा सेन्सर ऊन आल्यावर ५४,६१२ वर अडकला. कितीही ऊन वाढलं तरी आकडा तोच. त्याची धावच तिथे संपते, आणि पुण्याचं दुपारचं ऊन त्याच्या जवळजवळ दुप्पट असतं. बटर पेपरची टोपी घालून बघितली, चालते, पण टोपीसह-टोपीविना तुलना करून गुणक काढावा लागतो. शेवटी सोपा मार्ग घेतला : गच्चीवर ऊन यायच्या आधी, सकाळी, मोजायचं. पाट या वेळी सपाट.

५ जानेवारी २०२५

पहिले आकडे इतके चांगले आले की संशय आला. तळमजलासुद्धा उजळ.

कारण पांढरा माउंटबोर्ड. तो पडलेला बहुतेक उजेड परत फेकतो. विटेची भिंत त्याच्या निम्म्यानेही फेकत नाही. माझं अंगण म्हणजे आरशांची खोली झाली होती. अंगणाच्या सगळ्या भिंतींना तपकिरी क्राफ्ट पेपर चिकटवला, अंगणाच्या जमिनीला राखाडी. वर्गाच्या आत भिंती फिक्या, जमीन लाकडी रंगाची.

पुन्हा मोजलं. वरचे मजले थोडे उतरले, तळमजला धाडकन उतरला. बरोबर आहे. वरच्या वर्गाला आकाश थेट दिसतं, खालच्याला समोरच्या भिंतीवरून परतलेला उजेडच जास्त मिळतो. पांढऱ्या मॉडेलवर उजेडाचे निष्कर्ष काढणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला हे सांगणार आहे.

आता दोन भिंतींची तुलना. सुट्या तीन खिडक्यांची भिंत काढली, सांगाड्याची रुंद खिडकी बसवली. खिडकीजवळचा आकडा वाढणार हे माहीत होतं. मला बघायचा होता आतल्या भिंतीलगतचा, म्हणजे खिडकीपासून सर्वांत लांब बसणाऱ्या मुलाच्या बाकाचा. तोही दुपटीच्या जवळ गेला. मग रुंदी तीच ठेवून खिडकीचा वरचा मीटरभर भाग, मॉडेलात सेंटिमीटरभर, झाकला. खिडकीजवळ फारसा फरक नाही, लांबच्या बाकावर मोठा. खोलीच्या आत उजेड नेते ती खिडकीची वरची कड. स्नायडरने काच छताला नेऊन भिडवली याचं कारण हे.

१२ जानेवारी

शेजाऱ्यांची उंची वाढवायची चाचणी. ज्यासाठी एच आहे ती चाचणी.

उरलेल्या बोर्डातून तेवढ्याच जागेवर दुसरी, साधी इमारत केली : मधोमध ठोकळा, चारी बाजूंना खिडक्या, शेजाऱ्यापासून दहा फूट अंतर. आजही आपण अशाच शाळा बांधतो. शेजारी साठ फूट असताना ठोकळ्याच्या बाजूच्या वर्गांत मधल्या मजल्यावर उजेड आधीच वाईट. शेजारी दुप्पट केले, तर ते वर्ग संपले. दिवसा दिवे लावल्याशिवाय वापरता येणार नाहीत.

एचमध्ये शेजारी दुप्पट केले. अंगणाकडच्या वर्गांचे आकडे उतरले, पण थोडे.  कारण शेजाऱ्याकडे खिडकीच नाही. शाळेने स्वतःच्या उजेडाची जमीन स्वतःच्याच हद्दीत राखून ठेवली आहे. पुढे पन्नास वर्षांत बाजूला कोण काय बांधेल यावर वर्गाचा उजेड फारसा अवलंबून नाही.

यासाठी जवळजवळ २८ टक्के जागा मोकळी सोडावी लागते : साठ बाय सत्तरची दोन अंगणं, तीस हजारांपैकी आठ हजार चारशे चौरस फूट. हिशेब मांडून बसलेल्या समितीसमोर हे सांगणं सोपं नसणार. म्हणून जागा गल्लीतली, स्वस्त. एच आणि गल्ली एकमेकांशिवाय जमत नाहीत.

२६ जानेवारी

सुट्टीचा दिवस दर्शनी भागाला. एका दांड्याचं रस्त्याकडचं टोक नक्षीसकट करायचं ठरवलं : उंच उतरतं छप्पर, टोकदार झरोके, फ्रेंच रेनेसाँसच्या वळणाचे. अर्ध्या मिलिमीटरच्या कार्डवर लेझर. बारीक नक्षी जळून गेली, दोनदा. तिसऱ्यांदा तपशील निम्मा केला तेव्हा टिकला.

मी या कामात नक्षीला दुय्यम मानत आले, आणि अजून मानते. पण आज हातात धरल्यावर एक जाणवलं. नक्षी सगळी रस्त्याकडच्या टोकांवर आणि छपराच्या रेषेत ठेवता येते, म्हणजे लोक बघतात तिथे. अंगणाच्या भिंतींना काचेशिवाय काही नको. खर्च कुठे करायचा आणि कुठे नाही, हे एच स्वतःच सांगतो. गरीब वस्तीतल्या मुलांच्या सरकारी शाळेला राजवाड्याचं छप्पर देणं हा निर्णय मला मनापासून मोठा वाटतो. ब्रॉन्क्समधलं मॉरिस हायस्कूल (१९०४) किंवा ब्रुकलिनचं इरॅस्मस हॉल यांचे मनोरे बघितले की कळतं, त्याने ही मुलं पाहुणी धरली नव्हती.

९ फेब्रुवारी

हिशेब. बोर्ड आणि कार्ड २,१००. लेझर, वाया गेलेला घाणा धरून, ४,३००. प्लाय, बिजागरी, सुतारकाम १,८००. सेन्सर, अर्डुइनो, तारा १,१५०. गम, टेप, क्राफ्ट पेपर साडेतीनशे. एकूण ९,७०० रुपये. खाचांची पट्टी आधी कापली असती आणि नक्षी निम्म्यावर आणली असती तर सात हजारांत झालं असतं. वेळ सगळ्यात जास्त गेला तो खिडक्या घासण्यात आणि पाट दोनदा करण्यात.

पुन्हा करायचं झालं तर पूर्ण इमारत करू नका. एक अंगण, दोन्ही दांड्यांची आतली अर्धी बाजू आणि आडव्या दांड्याची एक भिंत पुरेशी आहे. मागचं अंगण पाट फिरवून त्याच मॉडेलवर मोजता येतं.

या इमारतींचं पुढे काय झालं, हे भाच्याने विचारलं. वेगवेगळं. ब्रॉन्क्समधली पी.एस. ३१ वारसा इमारत ठरूनही पाडली गेली. पूर्व नवव्या रस्त्यावरची पी.एस. ६४, एचच, शाळा गेल्यावर लोकांनी सांस्कृतिक केंद्र म्हणून चालवली. २००१ च्या अखेरीस त्यांना बाहेर काढल्यावर ती वर्षानुवर्षं रिकामी राहिली. पूर्व हार्लेममधल्या पी.एस. १०९ मध्ये कलाकारांसाठी ८९ परवडणारी घरं झाली, आणि हार्लेमच्या पी.एस. १८६ मध्येही लोक राहतात. शाळेचे वर्ग घरं म्हणून चालतात, कारण प्रत्येक खोलीला मोठी खिडकी आधीपासून आहे. पाच मजली, खोल, मध्ये अंधार असलेली इमारत असती तर हे जमलं नसतं.

आता पुढचं मॉडेल. पूर्व १५व्या रस्त्यावरच्या जुन्या स्टायव्हसंट हायस्कूलमध्ये (१९०७) एचच आहे, पण अंगणात खाली सभागृह घातलं आहे. म्हणजे अंगणाची जमीन एक मजला वर उचलली. माझ्याच मॉडेलात एक ठोकळा ठेवून मोजता येईल. ठोकळ्याचं छप्पर राखाडी की फिकं, यावर पहिल्या मजल्याचा आकडा ठरेल. दोन्ही रंगांची छपरं कापून ठेवली आहेत. फेब्रुवारी संपेपर्यंत सकाळचं आकाश स्वच्छ मिळतं, तेवढ्यात उरकायचं.